कार्ट्रिजमधली शाई आणि महाबळेश्वरची हवा

मुंबईहून महाबळेश्वरला निघालेल्या गाडीत वेफर्सचे एखादे पाकीट हमखास न फोडता राहून गेलेले असते. वाई मागे पडते, पसरणीचा घाट सुरू होतो आणि पाचगणी येईपर्यंत ते पाकीट फुगून टणक झालेले दिसते. मुलांना त्याची गंमत वाटते, मोठ्यांना त्याचे कारण ठाऊक असते. त्याच गाडीच्या डिकीत घरच्या घरी शाई भरलेले इंकजेट प्रिंटरचे कार्ट्रिज असेल, तर त्याच्या आतही हेच घडू शकते. पाकिटाला फुगायला जागा असते; कार्ट्रिजच्या टणक प्लास्टिकच्या डबीला ती नसते. आतली हवा प्रसरण पावते, बाहेर पडायला वाट शोधते आणि वरची वाट बंद असेल तर खालच्या छिद्रांतून शाईला पुढे ढकलते. मुक्कामी पोचून पिशवी उघडावी, तर आतली वायर, कागद आणि रुमाल सारे काळेनिळे झालेले असते. अशा वेळी दोष शाईला किंवा ती विकणाऱ्या दुकानदाराला दिला जातो. खरा दोष बहुतेक वेळा चिकटपट्टीच्या एका तुकड्याचा असतो.

तो कसा, हे कळण्यासाठी मुळात लोक घरी शाई का भरतात येथपासून सुरुवात करावी लागेल. इंकजेट प्रिंटरचे अर्थकारण विचित्र आहे. यंत्र तुलनेने स्वस्त मिळते, शाई महाग पडते. साध्या घरगुती प्रिंटरच्या लहान कार्ट्रिजमध्ये जेमतेम काही मिलिलिटर शाई असते आणि त्यासाठी सातशे ते हजार रुपये मोजावे लागतात. याउलट टाकीच्या प्रिंटरसाठी खुद्द कंपन्याच विकतात ती पासष्ट-सत्तर मिलिलिटरची काळ्या शाईची बाटली तीन-चारशे रुपयांच्या आसपास येते. दोन्हीतला फरक कोणाही गृहिणीच्या चटकन लक्षात यावा असा आहे. घाटमाथ्यावर या हिशेबात आणखी एक अडचण मिसळते. पावसाळ्यात दुपारी कार्ट्रिज संपले आणि ते नेमके स्थानिक दुकानात नसले, तर वाई सुमारे ३० किलोमीटर आणि सातारा त्याहून लांब. मध्ये धुके आणि घाट. लॉजची बिले, घरगुती खानावळीचे दरपत्रक, स्ट्रॉबेरीच्या खोक्यांवरची लेबले, पाचगणीच्या शाळांतले प्रकल्प ही सारी कामे त्या एवढ्याशा डबीवर अडून राहतात. म्हणून शाईची बाटली आणि सिरिंज जवळ बाळगणे हा येथे कंजूषपणा ठरत नाही.

मराठी माणसाला शाई घरी तयार करण्याचे आणि भरण्याचे वावडे कधीच नव्हते. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ मध्ये मुंबईत जो व्यवसाय सुरू केला आणि जो पुढे कॅम्लिन या नावाने घराघरांत पोचला, त्याचा पहिला माल म्हणजे ‘हॉर्स ब्रँड’ शाईची पूड आणि गोळ्या. ती पूड पाण्यात विरघळवून दौत भरायची. नंतर फाउंटन पेन आले, ड्रॉपर आला, आणि रविवारी सायंकाळी वर्तमानपत्राच्या कागदावर पेन उघडून शाई भरणे हा शाळकरी आयुष्याचा भाग झाला. पेन जोरात झटकू नये, फार काठोकाठ भरू नये, उन्हात ठेवू नये, हे त्या काळी मुलांना कोणी शिकवावे लागत नसे. बोटे दोन-तीनदा माखली की कळत असे. कार्ट्रिज भरताना हेच ज्ञान पुन्हा उपयोगी पडते. मात्र या वेळी पेनाचे निब डोळ्यांना दिसत नाही इतके बारीक असते.

ते किती बारीक, हे पाहण्यासारखे आहे. शाईचे सूक्ष्म थेंब उष्णतेने उडवण्याची कल्पना १९७७ मध्ये जपानच्या कॅनन कंपनीतील संशोधकांना सुचली. त्यामागची हकीकत प्रसिद्ध आहे: तापलेली सोल्डरिंगची कांब शाईने भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून लागली आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. त्याच सुमारास अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्डमध्येही स्वतंत्रपणे याच दिशेने काम चालू होते. त्या कंपनीचा ‘थिंकजेट’ हा प्रिंटर १९८४ मध्ये बाजारात आला आणि छपाईचे डोके टाकाऊ कार्ट्रिजवरच बसवण्याची पद्धत त्याने रूढ केली. आज घरगुती वापराच्या अनेक एचपी आणि कॅनन प्रिंटरांमध्ये हीच रचना असते. कार्ट्रिजच्या तळाशी तांब्याच्या रंगाची जी चकचकीत पट्टी दिसते, तिच्या शेजारी छिद्रांच्या रांगा असतात. एकेका छिद्राचा व्यास माणसाच्या केसाच्या एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी. प्रत्येक छिद्रामागे एक चिमुकला विद्युतरोधक. त्यातून वीज गेली की काही मायक्रोसेकंदांत तो तीनशे अंश सेल्सियसच्या पुढे तापतो, त्याला लागून असलेल्या शाईचा बुडबुडा होतो आणि तो बुडबुडा समोरच्या थेंबाला बाहेर फेकतो. थेंबाचे आकारमान काही पिकोलिटर, म्हणजे लिटरच्या एक लाख कोटीव्या भागाच्या काही पट. पाच पिकोलिटरचा थेंब धरला तर एक मिलिलिटर शाईत वीस कोटी थेंब मावतात. यंत्राची ही करामत प्रत्येक सेकंदाला हजारो वेळा घडते.

या रचनेतून घरी शाई भरणाऱ्याने ध्यानात ठेवायच्या दोन गोष्टी आपोआप निघतात. पहिली अशी, की त्या विद्युतरोधकाला थंड ठेवण्याचे काम शाईच करते. कार्ट्रिज पूर्ण कोरडे पडेपर्यंत छापत राहिले तर तो जळतो, आणि मग कितीही उत्तम शाई भरली तरी छापील अक्षरांत कायमच्या पांढऱ्या रेघा राहतात. अक्षरे फिकट व्हायला लागली की थांबावे. ‘शेवटचे एवढे पान काढून घेऊ’ या मोहात सर्वाधिक कार्ट्रिजेस कामातून जातात. दुसरी गोष्ट शाई खाली ठिबकत का नाही याची. डबीच्या आत स्पंज असतो आणि शाई त्याच्या बारीक पोकळ्यांत केशाकर्षणाने धरून ठेवलेली असते. स्पंजची ओढ थेंबाला छिद्राच्या तोंडाशीच रोखून धरते. जेवढी शाई वापरली जाते तेवढी हवा वरच्या बाजूने आत यावी लागते, आणि तिच्यासाठी कार्ट्रिजच्या झाकणावर, लेबलाखाली, बारीक भोके व वळणावळणाच्या नागमोडी खाचा ठेवलेल्या असतात. लेबल काढल्यावर त्या स्पष्ट दिसतात. त्या सजावटीच्या नाहीत. शाई वाळू नये पण हवा मात्र आत यावी, यासाठी केलेली ती श्वासनलिका आहे.

आता चिकटपट्टीकडे वळू. शाई भरून झाली की लेबल पुन्हा नीट चिकटत नाही. सांडू नये या काळजीने माणूस रुंद सेलोटेप घेतो आणि झाकण घट्ट बंद करतो. कार्ट्रिज घरातच वापरायचे असेल तर थोड्याच पानांनंतर एक चमत्कारिक प्रकार दिसतो: पानाचा वरचा भाग ठळक, मधला फिका, खालचा कोरा. शाई भरपूर असते. पण हवा आत येत नसल्यामुळे आतला दाब घटतो आणि शाई खाली उतरत नाही. पट्टीला टाचणीने भोक पाडताच छपाई पूर्ववत होते. तेच बंद कार्ट्रिज घाट चढू लागले की उलटा प्रकार होतो.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचावर आहे. तेथील हवेचा दाब मुंबईच्या मानाने अंदाजे १५ टक्के कमी असतो. मुंबईत बंद केलेल्या पाच मिलिलिटर हवेला वर पोचल्यावर जवळजवळ ५.९ मिलिलिटर जागा लागते. पुणे स्वतःच साडेपाचशे मीटरच्या वर असल्यामुळे पुण्याहून निघाल्यास तीच हवा साधारण ५.५ मिलिलिटर होते. वरच्या थंडीने आकडा किंचित कमी होतो, इतकेच. अर्ध्या ते पाऊण मिलिलिटरची ही वाढ ऐकायला क्षुल्लक वाटते. परंतु ज्या डबीत एकूण शाईच चार-पाच मिलिलिटर आहे, तिच्यातून तेवढी शाई बाहेर ढकलली गेली तर काय होईल हे सांगायला नको. तीनरंगी कार्ट्रिजमध्ये हानी आणखी मोठी. पिवळी, गुलाबी आणि निळी शाई तळाशी एकमेकींत मिसळते, पिवळ्या कप्प्यात निळी ओढली जाते आणि पुढे कित्येक पाने सूर्यफूल हिरवे छापले जाते. उंचीचा परिणाम बुडबुड्यावर मात्र जाणवण्याइतका होत नाही. महाबळेश्वरला पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळते म्हणून डाळ शिजायला वेळ लागतो हे खरे. पण तीनशे अंशांवर चालणाऱ्या कारभारात त्या चार-पाच अंशांना कोण विचारतो?

उपाय सोपा आहे. कार्ट्रिज शक्यतो जेथे वापरायचे तेथेच भरावे. शाई वर न्यायची तर बाटलीतून न्यावी. बाटलीही काठोकाठ भरलेली असेल तर उत्तम, कारण आत हवा जितकी कमी तितकी फुगवट्याची भीती कमी. अर्धी रिकामी बाटली वर पोचल्यावर उघडताना तोंड आपल्यापासून दूर धरावे आणि झाकण हळूहळू सैल करावे. भरलेले कार्ट्रिज न्यावेच लागले तर वरची भोके मोकळी ठेवावीत, छिद्रांच्या पट्टीवर कंपनीने दिलेली क्लिप किंवा साधी चिकटपट्टी लावावी आणि डबी छोट्या प्लास्टिकच्या डब्यात, टिश्यू पेपरात, ज्या स्थितीत ती प्रिंटरमध्ये बसते त्याच स्थितीत उभी ठेवावी.

प्रत्यक्ष भरण्याची कृती निवांतपणे करण्याची आहे. टेबलावर जुनी वर्तमानपत्रे, हातात रबरी मोजे, जवळ ओला रुमाल. लेबलाचे एक टोक उचलून झाकणावरची भोके शोधावीत. काळ्या कार्ट्रिजच्या काही नमुन्यांत चार-पाच भोके दिसतात, त्यांतले भरायचे कोणते हे त्या नमुन्याची आकृती पाहून ठरवावे. तीनरंगी कार्ट्रिजमध्ये कोणत्या भोकाखाली कोणता रंग हे गृहीत धरू नये. प्रत्येक भोकात स्वतंत्र टूथपिक हलकेच घालून तिचे टोक पांढऱ्या कागदावर टेकवावे, रंग समजतो. प्रत्येक रंगाला वेगळी सिरिंज. सुई स्पंजमध्ये अर्ध्याहून थोडी खोल न्यावी. तळापर्यंत खुपसल्यास खालची बारीक जाळी फाटण्याचा धोका असतो. मग एकेक थेंब मोजत असल्यासारखा दट्ट्या दाबावा. घाईने शाई सोडली की स्पंजमध्ये हवेचे खिसे राहतात आणि भरलेले कार्ट्रिजही कोरडे असल्यासारखे वागते. लहान काळ्या डबीला तीन-चार मिलिलिटर पुरतात, रंगाच्या प्रत्येक कप्प्याला दोनच्या आसपास. भोकाच्या तोंडाशी शाई चमकू लागली तर ती थोडी परत ओढून घ्यावी. काठोकाठ भरण्याचा हव्यास बाळगू नये, कारण तुडुंब भिजलेल्या स्पंजला थेंब रोखून धरण्याची ताकद उरत नाही.

यानंतर छिद्रांची पट्टी घडी केलेल्या टिश्यूवर टेकवून उचलावी, घासू नये. कागदावर काळ्याची एक, किंवा तीन रंगांच्या तीन स्वच्छ रेघा उमटल्या तर काम जमले. तांब्याचे संपर्कबिंदू उर्ध्वपातित पाण्याने किंचित ओलसर केलेल्या कापडाने पुसून कोरडे करावेत. कार्ट्रिज तासभर तसेच ठेवून मग यंत्रात बसवावे आणि सफाईची आज्ञा एकदा, फार तर दोनदा द्यावी. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा सफाई करणारे आपली नुकतीच भरलेली शाई यंत्राच्या पोटातल्या गादीत ओतत असतात. छिद्रे वाळलेली वाटली तर कोमट पाण्याने ओल्या केलेल्या टिश्यूवर दोन-तीन मिनिटे कार्ट्रिज टेकवून ठेवणे जास्त गुणकारी ठरते. संगणकाच्या पडद्यावर ‘शाई संपली’ हा इशारा बहुधा कायम राहतो. यंत्र शाई मोजत नाही, थेंब मोजून अंदाज बांधते, आणि आपण भरलेल्या शाईची त्याला खबर नसते. कॅननच्या बऱ्याच नमुन्यांत थांबवण्याचे बटण पाच-सहा सेकंद दाबून धरल्यास ही मोजणी बंद होते. एपसनच्या कार्ट्रिजला यातले पुष्कळसे लागू नाही. तेथे छपाईचे डोके यंत्रातच पक्के बसवलेले असते आणि डबीवर चिप असते.

इतके सारे जमले तरी चार-पाच वेळा भरल्यावर साधे कार्ट्रिज थकते. त्यात भरणाऱ्याचा दोष नसतो.

महाबळेश्वरचा पावसाळा हे या कहाणीतले वेगळेच प्रकरण. वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या गावात जूनच्या आधीच दुकाने आणि घरे प्लास्टिकच्या कागदांनी झाकून घेतात. धुके घरात शिरते, भिंती घाम गाळतात. अशा हवेत छिद्रे वाळत नाहीत हा एक फायदा; बाकी सारे तोटेच. कागद ओलावा पितो, लाटेसारखा वाकतो, दोन-दोन पाने एकदम ओढली जातात आणि अक्षरांच्या कडा फुटतात. कागदाचे रीम घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवून लागतील तेवढीच पाने काढणे, हा शाईइतकाच महत्त्वाचा उपाय आहे. शाईची जातही येथे महत्त्वाची ठरते. पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची, म्हणजे डाय शाई झळाळते, पण ओला हात लागला की पसरते. रंगकणांची, म्हणजे पिगमेंट शाई पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. शीतगृहातून काढलेल्या स्ट्रॉबेरीच्या खोक्यावर दव जमते आणि डाय शाईचे लेबल तासाभरात वाचता येईनासे होते. मूळ कार्ट्रिजमध्ये ज्या जातीची शाई होती त्याच जातीची भरावी. दोन्ही एकत्र आल्यास गाळ होऊन छिद्रे कायमची बुजू शकतात. भाडेकरार, खतावणी असे वर्षानुवर्षे टिकवायचे कागद असतील तर लेझर प्रिंटर बरा.

पावसाळ्यात वीज जाते, आणि तेथेही कार्ट्रिजचा जीव अडकलेला असतो. प्रिंटर स्वतःच्या बटणाने बंद केला तर डोके कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीखाली बसते. छपाई चालू असताना वीज गेली, किंवा भिंतीवरचे बटण आधी बंद केले, तर ते मध्येच उघडे राहते. मे महिन्यातील कोरड्या दुपारी किंवा हिवाळ्यात हे घडले तर दोन दिवसांत शाई वाळून बसते. वीज परत आल्यावर यंत्र एकदा चालू करून व्यवस्थित बंद करण्याची सवय यासाठीच.

प्रिंटर कंपन्यांना घरी शाई भरणे कधीच आवडले नाही. शाईच्या विक्रीवर त्यांचा सारा हिशेब उभा होता. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही प्रिंटरांनी अन्य उत्पादकांची कार्ट्रिजेस अचानक नाकारायला सुरुवात केली. कारण आधीच दिल्या गेलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ती तजवीज होती. गदारोळ झाल्यावर कंपनीला ती बंद करण्याचा पर्याय द्यावा लागला. लेझर प्रिंटरच्या टोनरवरून लेक्समार्कने लढवलेला खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ३० मे २०१७ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. पुन्हा भरून विकणाऱ्याला पेटंटच्या आधारे अडवता येणार नाही. हा निकाल भारतात बंधनकारक नाही, पण त्यातला विचार आपल्याकडच्या ग्राहकाला नवा वाटणार नाही.

खरी कलाटणी मात्र बाजाराने दिली. आशियातील देशांत लोक कार्ट्रिजला बाहेरून नळ्या आणि बाटल्या जोडून प्रिंटर चालवत होते. ते पाहून एपसनने २०१० मध्ये इंडोनेशियात टाकीचा प्रिंटर आणला आणि पुढच्याच वर्षी तो भारतात आला. काही वर्षांत कॅनन आणि एचपी याच वाटेने आल्या. यंत्र महाग, शाई स्वस्त, आणि भरायची ती मालकानेच, घरीच, बाटलीने. जी गोष्ट वीस वर्षांपूर्वी वॉरंटी गमावण्याचे कारण होती, तिचीच आता जाहिरात होते. महिन्याला शंभरहून अधिक पाने छापणाऱ्या लॉजवाल्याने किंवा बागायतदाराने पुढचा प्रिंटर टाकीचाच घ्यावा हे उघड आहे. परंतु जुना प्रिंटर चांगला चालत असताना तो फेकून नवा घेणे शहाणपणाचे नाही, आणि ज्यांच्या घरी महिन्याला दहा पानेही निघत नाहीत त्यांची टाकीतली शाई वापरण्याआधीच वाळेल.

उरतो प्रश्न थकलेल्या कार्ट्रिजचा. महाबळेश्वर-पाचगणी परिसर केंद्र सरकारने १७ जानेवारी २००१ रोजी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात मानला जातो. त्यांतील कृष्णेचे पाणी पुढे वाईचा घाट, कऱ्हाड, सांगली करीत बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. या माथ्यावर प्लास्टिक, स्पंज, तांबे आणि उरलीसुरली शाई असलेली डबी ओढ्याच्या कडेला टाकणे किंवा सिरिंज धुतलेले पाणी उघड्या गटारात सोडणे हा लहान अपराध नव्हे. १ मे २०१२ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत प्रिंटर आणि त्यांची कार्ट्रिजेस यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम अमलात आले आहेत. कोरडी कार्ट्रिजेस एका डब्यात साठवून वर्षातून एकदा पुण्या-साताऱ्याच्या फेरीत अधिकृत संकलकाकडे किंवा कंपनीच्या केंद्रावर द्यावीत. सांडलेली शाई पाण्याने न धुता कागदाने टिपून घ्यावी, आणि सिरिंजच्या सुईला टोपण लावूनच ती कचऱ्यात द्यावी. खाली जाताना कार्ट्रिजवर चिकटपट्टी असली तरी चालेल. घाट उतरताना हवा आकसते, शाई बाहेर येत नाही.